फटकाव ना बाहेर!

३ जानेवारी २०१६, रविवार. लिव्हरपूल शहरातलं एव्हर्टनचं जुनं मैदान, गुडिसन पार्क. एव्हर्टन विरुद्ध टॉटनहॅम, स्कोअर १-१, सामना संपत आलेला. बॉल एव्हर्टनच्या पेनल्टी बॉक्समध्ये, एकवीस वर्षांच्या जॉन स्टोन्सच्या पायाशी. समोरून टॉटनहॅमचे खेळाडू अंगावर धावून येतायत. अशा वेळी सेंटर-बॅकनं काय करायचं हे गल्लीत खेळणाऱ्या पोरालाही माहीत असतं. बॉल फटकवायचा. प्रेक्षकांत गेला तरी चालेल, रस्त्यावर गेला तरी चालेल.

स्टोन्सनं बॉल मारल्यासारखं दाखवलं आणि ऐन वेळी तो स्वतःच्याच पायामागून वळवून घेतला. योहान क्रॉइफच्या नावानं ओळखली जाते तीच गिरकी, पण आघाडीपटू ती दुसऱ्याच्या गोलजवळ मारतात, यानं मारली आपल्याच गोलसमोर. बॉल काही गेला नाही. पण स्टँडमधून जो ओरडा झाला तो कौतुकाचा नव्हता, घाबरलेल्या माणसांचा होता. त्यावर या पोरानं काय करावं? त्यानं घरच्या प्रेक्षकांकडे बघून दोन्ही हात खाली-वर करत खूण केली: शांत व्हा, शांत.

ही क्लिप मी किती वेळा पाहिली असेल याचा हिशेब नाही. तिच्यावर त्या वेळी दोन मतं झाली. एक, इंग्लंडला अखेर पायात बॉल असताना न घाबरणारा सेंटर-बॅक मिळाला. दोन, हा पोरगा एक दिवस आपल्या मॅनेजरची नोकरी घालवणार. मजा अशी की दोन्ही मतांना पुरावा एकच होता. एखाद्या स्काउटनं त्या रात्री स्टोन्सवर अहवाल लिहिला असता, तर 'जमेच्या बाजू' या मथळ्याखाली लिहिलं असतं, 'दबावाखाली शांत राहतो', आणि 'उणिवा'खाली लिहिलं असतं, 'दबावाखाली जास्तच शांत राहतो'.

आम्ही सॉफ्टवेअरवाले यावर एक घासून गुळगुळीत झालेला विनोद करतो: हा बग नाही, फीचर आहे. सेंटर-बॅकच्या बाबतीत मात्र तो विनोद राहत नाही. तरुण सेंटर-बॅकचं बलस्थान आणि कच्चा दुवा या बहुतेक वेळा एकाच सवयीच्या दोन बाजू असतात. त्यातली कुठली वर येणार हे त्या पोराच्या हातात अर्धंच असतं. उरलेलं अर्धं ठरवतात खेळाचे नियम, शेजारी उभा असलेला जोडीदार, आणि चुका पचवण्याची क्लबची तयारी. गेल्या शंभर वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडलं आहे.

मुळात सेंटर-बॅकनं बॉल फटकवायचाच असतो, हे कुणी ठरवलं? याला बऱ्यापैकी नेमकी तारीख आहे. १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की आघाडीपटूच्या आणि गोललाइनच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू हवेत. त्या वर्षी तिनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत १७०३. नियमात एक आकडा बदलला आणि बचावफळ्यांची भंबेरी उडाली. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलनं आर्सेनलला ७-० असं धुतलं. त्यानंतर आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन आणि अनुभवी खेळाडू चार्ली बुकन यांनी एक बदल केला. तोवर 'सेंटर-हाफ' हा मैदानाच्या मध्यभागी खेळणारा, हल्ल्यात भाग घेणारा, बहुधा संघातला सर्वांत हुशार खेळाडू असायचा. त्याला मागे ओढून दोन बॅकच्या मधोमध उभा केला. काम एकच: समोरच्या सेंटर-फॉरवर्डला हलू द्यायचं नाही.

या कामासाठी चॅपमननं हर्बी रॉबर्ट्स नावाचा उंच, लाल केसांचा खेळाडू ऑस्वेस्ट्री टाउन या छोट्या क्लबातून आणला. रॉबर्ट्सच्या पायात फारशी कला नव्हती आणि ती कुणी मागितलीही नाही. त्याला लोक 'पोलीस' म्हणायचे. डोक्यानं बॉल परतवायचा, पायानं लांब मारायचा, जागा सोडायची नाही. तो असताना आर्सेनलनं चार वेळा लीग जिंकली. इंग्लंडकडून मात्र तो एकच सामना खेळला.

रॉबर्ट्सचं यश इतकं पक्कं होतं की त्याच्या मर्यादा हीच पुढे पात्रता झाली. उंच हवा, धिप्पाड हवा, हेडर जोरदार हवा, पायात बॉल थांबवायचा मोह नको. पुढची तीस-चाळीस वर्षं इंग्लंडमधला प्रत्येक क्लब सेंटर-हाफच्या जागेसाठी पोरं याच मापानं मोजत होता. हे माप एका विशिष्ट नियमबदलाला दिलेलं एका विशिष्ट क्लबाचं उत्तर होतं, हे सगळे विसरून गेले. (आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कुणी लिहिला, का लिहिला, कुणालाच आठवत नाही, पण हात लावायची हिंमत होत नाही.)

आता या मापानं बॉबी मूर मोजून बघा.

जन्म १९४१, पूर्व लंडनमधल्या बार्किंगचा. वेस्ट हॅमच्या युवा संघात आला तेव्हा त्याच्याविषयी कुणीही शिक्षक जे लिहील ते सरळ होतं: धावण्यात मंद, हवेतल्या बॉलला कच्चा. म्हणजे सेंटर-हाफसाठी जे दोन मुख्य विषय, त्या दोन्हींत नापास. मूरला हे माहीत होतं. त्याच्यावर मेहनत घेतली ती माल्कम अ‍ॅलिसन या वेस्ट हॅमच्याच थोरल्या सेंटर-हाफनं. अ‍ॅलिसन विचार करणारा खेळाडू होता. मैदानाजवळच्या कॅसेटारीज नावाच्या कॅफेत तो आणि त्याचे सोबती टेबलावर मीठ-मिरपुडीच्या बाटल्या सरकवत डावपेच मांडायचे, ही आता इंग्लिश फुटबॉलची दंतकथा झाली आहे. त्यानं मूरला दिलेला धडा साधा होता: बॉल तुझ्याकडे यायच्या आधीच ठरव, आता आला तर मी तो कुणाला देईन?

हा धडा पळायला लागणाऱ्या वेळेबद्दल आहे, हे लक्षात घ्या. दोन यार्ड मागे असलेला माणूस जर दोन सेकंद आधी निघाला तर तो मंद राहत नाही. मूरनं वेगाची उणीव वेग वाढवून भरली नाही. तो आधी निघायला शिकला. हेडरचंही तसंच. हवेतल्या बॉलवर उडी मारण्यापेक्षा तो जिथे पडणार तिथे उभं राहून छातीवर झेलायचा.

सप्टेंबर १९५८ मध्ये अपटन पार्कवर मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यासाठी वेस्ट हॅमला बचावफळीत एक माणूस हवा होता. पर्याय दोन. एक अ‍ॅलिसन, ज्याचं क्षयरोगानं एक फुप्फुस काढावं लागलं होतं आणि जो परत येण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होता. दुसरा, त्यानंच घडवलेला सतरा वर्षांचा मूर. मॅनेजर टेड फेंटननं नोएल कँटवेलला विचारलं. कँटवेल अ‍ॅलिसनचा जवळचा मित्र. तरी त्यानं नाव घेतलं मूरचं. वेस्ट हॅम ३-२ जिंकलं. अ‍ॅलिसन पहिल्या डिव्हिजनमध्ये वेस्ट हॅमकडून कधीच खेळला नाही. मूरला हे आयुष्यभर लागून राहिलं होतं.

या निवडीबद्दल मला कँटवेलचं जास्त नवल वाटतं. त्याच्यासमोर जो मुलगा होता त्याच्या उणिवा रोज सरावात दिसत होत्या. त्याचं बलस्थान मात्र दिसण्यासारखं नव्हतं. तो 'आधीच तिथे असतो' हे बघायला बॉलवरून नजर काढून त्या पोराकडे बघत राहावं लागतं.

पुढची दुरुस्ती मूरनं नाही, इतरांनी केली. १९६१ मध्ये वेस्ट हॅमला आलेल्या रॉन ग्रीनवूडनं त्याला एकट्या स्टॉपरच्या जागी न टाकता उंच, धिप्पाड सेंटर-हाफच्या बाजूला उभा केला. बचावफळीत चार माणसं ठेवायची पद्धत तेव्हा ब्राझीलकडून युरोपात रुजत होती, आणि तिच्यात मधल्या दोन जागा असतात. हेडर शेजारचा घेणार, उरलेला बॉल मूर वाचणार. इंग्लंडसाठी ते काम जॅक चार्ल्टननं केलं. मूर बावीस वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, इंग्लंडचा कर्णधार झाला.

३० जुलै १९६६. वेम्बली, विश्वचषकाचा अंतिम सामना, जादा वेळेचं शेवटचं मिनिट, इंग्लंड ३-२ पुढे. बॉल मूरकडे, आपल्याच बॉक्सपाशी. जॅक चार्ल्टन ओरडतोय, बाहेर मार! तो तेव्हा काय बोलला ते त्यानं नंतर अनेकदा सांगितलं आणि ते सगळंच छापण्यासारखं नाही. मूरनं बॉल थांबवला, जवळच्या माणसाशी एक देवघेव केली, मान वर केली आणि पन्नासेक यार्डांचा पास जेफ हर्स्टच्या वाटेत टाकला. चौथा गोल. पहिला गोलही मूरचाच पास होता: स्वतःवर झालेल्या फाउलची फ्री किक त्यानं जर्मन सावरायच्या आत घेतली होती.

गुडिसन पार्कवर पन्नास वर्षांनी जो ओरडा झाला तो हाच. फरक एवढाच की मूरचा पास गोल झाला म्हणून तो ओरडा आता गमतीचा किस्सा आहे.

मूर महान होताच, पण त्याची उणीव काही पळून गेली नव्हती. जून १९७३ मध्ये पोलंडमध्ये, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात, बत्तीस वर्षांच्या मूरनं बॉल पायात जरा जास्त वेळ धरला. लुबान्स्कीनं तो हिसकावला आणि सरळ गोल केला. मूरच्या पायांत त्याला गाठायची ताकद नव्हती. पोलंड २-०. त्या पराभवानं इंग्लंडच्या पात्रतेला मोठा धक्का बसला आणि १९७४ च्या विश्वचषकाला ते गेलेच नाहीत. सवय तीच, वेम्बलीतली. बॉल धरायचा, मान वर करायची. सात वर्षांत ती एकाच माणसाच्या दोन टोकांच्या आठवणी झाली.

इटलीत १९७४ च्या सुमारास अशीच एक गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. ब्रेशाजवळच्या त्राव्हालियातो गावातले दोन भाऊ. थोरला ज्युसेप्पे इंटर मिलाननं घेतला. धाकटा फ्रांको बारेसी चाचणीला गेला तर अंगानं लहान म्हणून परत पाठवला. एसी मिलाननं त्याला घेतलं. तिथंही त्याचं टोपणनाव पडलं 'पिशिनिन', म्हणजे मिलानी बोलीत छोटू. उंची शेवटी १७६ सेंटिमीटरच भरली. सतराव्या वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, निल्स लीडहोल्मनं त्याला सेरी आमध्ये उतरवलं.

बारेसीची उंची कधीच वाढली नाही, वाढलं ते मैदान. किंवा उलटं म्हणा, आकसलं. १९८७ मध्ये आरिगो साक्की मिलानला आला आणि त्यानं बचावफळी गोलपासून दूर, पार मधल्या रेषेकडे ढकलली. पहिल्या आणि शेवटच्या फळीत पंचवीस-तीस मीटरच अंतर. बचावपटूंनी माणूस धरायचा नाही, रेषा धरायची. सगळ्यांनी एकदम पुढे सरकून आघाडीपटूला ऑफसाइडमध्ये सोडायचं. असं खेळताना उंच हेडर लागतो कुणाला? हवा तो क्षण ओळखणारा माणूस, जो हात वर करील आणि तिघे डोळे झाकून त्याच्याबरोबर धावतील. १९८७-८८ मध्ये मिलाननं ३० सामन्यांत १४ गोल खाल्ले आणि लीग जिंकली. सत्तावीस वर्षांच्या, आधीच इटलीत नावाजलेल्या बारेसीला साक्कीनं सुरुवातीला पार्माच्या जान्लुका सिन्योरिनीच्या व्हिडिओ टेप बघायला दिल्या होत्या, असं त्यानंच नंतर सांगितलं आहे. बारेसीला ते काही आवडलं नाही. साहजिकच आहे, पण त्या टेपनं एक गोष्ट कळते. सेंटर-बॅकचं शिक्षण एकविसाव्या वर्षी संपत नाही.

इंटरच्या त्या स्काउटला हसू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चौदा वर्षांच्या लुकड्या पोरासाठी तेरा वर्षांनी कुणी साक्की येईल हे तो कुठून लिहिणार?

नियम पुन्हा बदलले. १९९२ च्या उन्हाळ्यापासून गोलकीपरला सहकाऱ्यानं पायानं दिलेला बॉल हातात घ्यायची बंदी झाली. तोवर दबावाखालच्या सेंटर-बॅकला एक चोरवाट होती: वळा, गोलकीपरकडे द्या, तो उचलेल. ती बुजली. आता बॉल पायात आला की एक तर फटकवा नाहीतर खेळा. १९९८ च्या विश्वचषकापासून मागून धोकादायक टॅकल मारणाऱ्याला थेट लाल कार्ड द्यायचं ठरलं. म्हणजे उशिरा पोचलेल्याला पाय घालून हिशेब चुकता करायची सोयही गेली. १९३५ चा आदर्श सेंटर-बॅक या नव्या मैदानावर प्रत्येक सामन्यात एक पेनल्टी देईल.

पण अहवाल लिहिणारे? या काळातला खेळाडूंचा सर्वांत अनुभवी पारखी घ्या. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. २६ वर्षं मँचेस्टर युनायटेड, तेरा लीग विजेतेपदं. त्याच्या सेंटर-बॅकच्या तीन निर्णयांकडे मी पुन्हा पुन्हा जातो.

पहिला, याप स्टाम. ऑगस्ट २००१ मध्ये त्याला अचानक लाझिओला विकलं. कारणं अनेक होती: टाचेच्या दुखण्यातून तो नुकता उठला होता, लाझिओ चांगला पैसा देत होतं. पण फुटबॉलमधल्या आकडेवारीवर लिहिणारे आणखी एक कारण सांगतात: त्याच्या टॅकलची संख्या घटली होती. आकडा खरा असेलही. पण त्याचा अर्थ काय? टॅकल हा तर शेवटचा उपाय. जो योग्य जागी उभा असतो त्याला तो कमी लागतो. स्टाम गेल्यावर पुढची काही वर्षं इटलीत उत्तम खेळला, आणि त्याला विकणं ही चूक होती हे फर्ग्युसननं पुढे मान्य केलं. आमच्याकडे रात्री तीनला पडलेला सर्व्हर पहाटे पाचपर्यंत उठवणाऱ्याचं सगळ्या टीमसमोर कौतुक होतं. ज्याचा सर्व्हर वर्षभर पडलाच नाही त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. सेंटर-बॅक हा दुसऱ्या जातीचा नोकर आहे, आणि डॅशबोर्ड मात्र पहिल्याला मोजतो.

दुसरा, जेरार्ड पिके. २००४ मध्ये सतराव्या वर्षी बार्सिलोनाहून युनायटेडला आला. उंची १९४ सेंटिमीटर, पास सुंदर, पण वळायला वेळ लावणारा. २४ नोव्हेंबर २००७ ला बोल्टनमध्ये हवेतल्या बॉलचा त्याचा अंदाज चुकला, मागे निकोला आनेल्का मोकळा होता. बोल्टन १-०. त्या दिवसानंतर मॅनेजरचा आपल्यावरचा विश्वास उडाला, असं पिकेनं स्वतः सांगितलं आहे. मे २००८ मध्ये त्याला साधारण ५० लाख पौंडांत बार्सिलोनाला परत जाऊ दिलं. बरोबर एका वर्षानं, २७ मे २००९ ला रोममध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेडसमोर बार्सिलोनाच्या बचावाच्या मधोमध पिके उभा होता. बार्सिलोना २-०. बोल्टनला जो बॉल पन्नास वेळा येतो तो पेप ग्वार्डिओलाच्या संघावर पाचदा येत असेल, कारण बॉल मुळात यांच्याकडेच असतो. पिके तेवढ्या वर्षात हवेतला बॉल शिकला असं नाही. त्याची परीक्षा दुसऱ्या विषयाची होऊ लागली.

फर्ग्युसनची बाजूही सांगायला हवी. त्याच्याकडे त्या वेळी रिओ फर्डिनांड आणि नेमान्या व्हिदिच होते, कदाचित युरोपातली सर्वांत भक्कम जोडी. वीस वर्षांच्या पोराला चुकू द्यायला जागाच नव्हती.

तिसरा निर्णय उलट्या दिशेचा. मे २०१३ मध्ये, निवृत्त होता होता, फर्ग्युसननं एका एकवीस वर्षांच्या सेंटर-बॅकबद्दल सांगितलं की तो युनायटेडच्या इतिहासातला सर्वोत्तम खेळाडू ठरू शकेल. तो फिल जोन्स. धाडसी, दणकट, कुठल्याही जागेवर खेळणारा, कुठल्याही बॉलवर अंग झोकणारा. या झोकण्यानंच त्याचं शरीर खाल्लं असं म्हणायचा मोह होतो, पण दुखापतींमागं इतकी सरळ गोष्ट नसते. गुडघ्यानं दगा दिला, हंगामामागून हंगाम बाहेर काढले, २०२३ मध्ये क्लब सुटला, पुढच्या वर्षी बत्तिसाव्या वर्षी निवृत्ती. दोन्ही रकान्यांत नसलेली गोष्टच निर्णायक ठरली.

जोन्सची गोष्ट आणखी एका कारणासाठी सांगितली. मूर, बारेसी, पिके अशी नावं ओळीनं घेतली की वाटायला लागतं प्रत्येक उणीव म्हणजे दडलेला हिरा. तसं अजिबात नाही. मंद होते आणि मंदच राहिले अशा शेकडो पोरांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कारण त्यांना वेळेत घरी पाठवलं आणि तो निर्णय योग्य होता. उणिवेत सवय दडलेली असावी लागते, आळस नाही. मूर मंद होता आणि त्यामुळे विचार करत होता. नुसता मंद असता तर बार्किंगमध्येच कुठेतरी नोकरी करत राहिला असता.

आता पुन्हा स्टोन्सकडे. बार्न्सलीचा पोरगा, जानेवारी २०१३ मध्ये अठराव्या वर्षी एव्हर्टननं सुमारे ३० लाख पौंडांत घेतला. रोबेर्तो मार्तिनेझसारखा मॅनेजर लाभला, ज्याला मागून बॉल खेळवतच बाहेर काढायचा होता. २०१५ च्या उन्हाळ्यात चेल्सी पुन्हा पुन्हा बोली लावत राहिलं, एव्हर्टन नाही म्हणत राहिलं. गुडिसनची ती गिरकी त्याच हंगामातली. ऑगस्ट २०१६ मध्ये ग्वार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीनं ४ कोटी ७५ लाख पौंड मोजले.

पुढची चार वर्षं सोपी नव्हती, आणि आज ती विसरली जातात. ३ जानेवारी २०१९ ला लिव्हरपूलविरुद्ध मानेचा शॉट खांबाला लागून परत आला. स्टोन्सनं तो फटकावला (बघा, फटकावला!) आणि तो त्याच्याच गोलकीपरवर, एडरसनवर, आपटून उलटा गोलकडे उडाला. मग स्टोन्सच धावला आणि जवळजवळ रेषेपलीकडे गेलेला बॉल पायानं ओढून बाहेर काढला. यंत्रानं दाखवलं: बॉल पूर्ण आत जायला सव्वा सेंटिमीटरहूनही कमी बाकी होतं. सिटी २-१ जिंकलं, आणि मे महिन्यात ९८ विरुद्ध ९७ गुणांनी लीग. हा प्रसंग अहवालाच्या कुठल्या रकान्यात टाकणार? चूक त्याची, सुटका त्याची, मध्ये दोन सेकंद.

त्याच जूनमध्ये पोर्तुगालमध्ये नेशन्स लीगच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेत त्यानं आपल्या गोलसमोर बॉल पायात धरून ठेवला. मेम्फिस डेपायनं हिसकावला. गोल. नेदरलँड्स ३-१. मूरचं पोलंड, स्टोन्सच्या पंचविशीत. मग दुखापती, बाक, २०२० मध्ये तो जाणार अशा बातम्या.

तो गेला नाही. त्या वर्षी रुबेन दियास आला. उभा-आडवा, बोलणारा, पेनल्टी बॉक्सचा पहारा आवडणारा सेंटर-बॅक. मूरला जॅक चार्ल्टन, तसा स्टोन्सला दियास. आणि २०२३ च्या वसंतात ग्वार्डिओलानं शेवटची पायरी चढली. सिटीकडे बॉल आला की स्टोन्स बचावफळी सोडून मधल्या फळीत जाऊन उभा राहायचा. १० जून २०२३ ला इस्तंबूलमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, इंटरच्या खेळाडूंच्या गर्दीत बॉल घेऊन वळत होता तो हाच. त्याच गिरक्या, तीच शांतता. फक्त जागा आपल्या गोलपासून चाळीस मीटर पुढे सरकली होती. चॅपमननं १९२५ मध्ये ज्या सेंटर-हाफला मागे ओढलं होतं, तो ९८ वर्षांनी जुन्या जागी परत आला. सिटी १-०.

सध्या ज्याच्यासाठी मी रात्री जागतो तो पाउ कुबार्सी. जन्म जानेवारी २००७. बार्सिलोनाकडून अठरावं लागायच्या आत चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत, मार्च २०२४ मध्ये नापोलीविरुद्ध, सामनावीर. त्याच महिन्यात स्पेनच्या मुख्य संघात. मग युरो स्पर्धेच्या अंतिम यादीतून वगळला आणि त्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक सुवर्ण. त्याचा उजव्या पायाचा पास बघा: समोरच्यांच्या दोन फळ्यांमधून, जमिनीलगत, जोरात, वाटेत उभ्या असलेल्याच्या पायांना न लागता. या वयात असा पास देणारा सेंटर-बॅक मी पाहिलेला नाही. दुसरी जमेची बाजू म्हणजे रेषा. हान्सी फ्लिकचा बार्सिलोना साक्कीलाही धाडसी वाटेल इतक्या वर खेळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बर्नाबेऊवर रिअल माद्रिद बारा वेळा ऑफसाइड सापडलं, त्यात एकटा एम्बापे आठ वेळा. बार्सिलोना ४-०. सतरा वर्षांचा मुलगा त्या रेषेच्या मध्यावर उभा होता.

कच्चं काय? मागे वळून लांब पळायची वेळ आली की तो वेगवान आघाडीपटूला हरतो. अंगानं जड माणूस पाठीला भिडला की जमीन सुटते. मे २०२५ मध्ये इंटरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात लाउतारो मार्तिनेझवरचं त्याचं टॅकल पेनल्टी ठरलं आणि बार्सिलोना ४-३ हरून बाहेर गेलं. हे खरं आहे आणि लिहायलाच हवं. पण ही उणीव त्या उंच रेषेतूनच येते. पन्नास मीटर मोकळं मैदान पाठीशी ठेवून उभं राहायला सांगितल्यावर वळून पळावं लागणारच. रेषा दहा मीटर मागे घेतली तर उणीव झाकेल आणि माद्रिदमधले ते बारा ऑफसाइडही जातील.

म्हणून त्याच्या अहवालात मी सगळ्यात आधी ५ मार्च २०२५ ची लिस्बनमधली रात्र ठेवीन. बेनफिकाविरुद्ध चॅम्पियन्स लीगची बाद फेरी, २२ वं मिनिट. पाव्हलिडिस रेषेपलीकडे सुटला, कुबार्सी वळला, एक पाऊल कमी पडलं आणि त्यानं त्याला पाडलं. थेट लाल कार्ड. एका माणसानं कमी झालेलं बार्सिलोना तासाहून जास्त वेळ खेळलं आणि १-० जिंकलं. कार्ड दिसल्यावर अठरा वर्षांचा तो मुलगा मान खाली घालून बाहेर गेला. त्यानं गोल होऊ द्यायला हवा होता की नाही, यावर आमच्या ग्रुपवर रात्री अडीचपर्यंत वाद चालला होता. मी म्हणालो, पाडलं ते बरोबर. फक्त दोन पावलं आधी निघायला हवं होतं.